एका स्वल्पविरामाची किंमत
(भारतभूषण छापखाना व त्याचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर : एक अभ्यास)

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी काही लेखक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि पोटापाण्यासाठी बँकेच्या खिडकीमागे बसलो. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या आणि आकडे तपासणे हेच माझे काम. पण बँकेतल्या नोकरीने मला एक सवय लावली आहे. हातात आलेल्या कोणत्याही छापील कागदाची खालची बारीक ओळ मी आधी वाचतो. कोणी छापले, कोठे छापले, किती प्रती छापल्या, ते त्या ओळीत असते.

आपण येरवड्याचे रहिवासी. आपल्या गावाचे नाव अशा ओळीत अनेकदा येते. कित्येक सरकारी कागदांवर 'येरवडा कारागृह मुद्रणालय' असे छापलेले असते. ज्या तुरुंगाच्या भिंतीआड दि. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्याच तुरुंगात बंदिवानांच्या हातून शासनाचे कागद छापले जात आले. मात्र आज मला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका छापखान्याविषयी. तो लहान होता आणि खाजगी होता. त्याच्यामागे सरकार नव्हते आणि शेटजीही नव्हता. तो होता परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत उभा केलेला भारतभूषण छापखाना, म्हणजेच पुढचा बुद्धभूषण छापखाना.

बाबासाहेबांचे ग्रंथ आपण वाचतो, त्यांच्या वृत्तपत्रांची नावे विद्यार्थी पाठ करतात. पण ते शब्द कागदावर उतरले कसे आणि त्यासाठी स्वतःचा छापखाना का लागला, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो विचार व्हावा एवढ्यासाठी हा लेख.

१९९१ ची एक आठवण

विषयाला हात घालण्यापूर्वी घरची एक गोष्ट सांगतो. १९९१ हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या वस्तीतील मंडळाने १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे हस्तपत्रक काढायचे ठरविले. मजकूर माझ्या वडिलांनी लिहिला आणि त्यांच्याबरोबर मीही छापखान्यात गेलो. एका गल्लीत पत्र्याखाली ट्रेडल मशीन होते. शाईचा आणि रॉकेलचा वास येत होता. मालकांनी मजकूर वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले. बावीस प्रतिज्ञांना स्मरून घरातील देवादिकांच्या तसबिरी काढून टाकाव्यात, अशा अर्थाची ती ओळ होती.

मालक म्हणाले, "मास्तर, एवढी ओळ काढा, बाकी सगळं छापून देतो. माझं गिऱ्हाईक सगळ्या जातीचं आहे."

वडील मास्तर नव्हते, कारखान्यात कामगार होते. पण लिहिणाऱ्या माणसाला ते मास्तर म्हणाले. वडिलांनी कागदाची घडी केली, "बरं, येतो" म्हणाले आणि आम्ही निघालो. त्या दिवशी आम्ही आणखी दोन छापखाने पालथे घातले. तिसऱ्याने काही न बोलता पत्रक छापून दिले. येताना मी विचारले, "एका ओळीसाठी एवढं कशाला चाललो आपण?" वडील म्हणाले, "आज ओळ काढली, उद्या पान काढायला सांगतील. मग आपलं म्हणून काय राहणार?"

त्या मालकांना मी आज दोष देत नाही. त्यांना धंदा करायचा होता. पण छापखाना ज्याचा, शेवटचा शब्द त्याचा, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. बाबासाहेबांना हा धडा त्याच्या किती तरी आधी मिळालेला होता.

खिळ्यांचा छापखाना कसा चालतो ?

विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्ही संगणकावर अक्षर उमटविता. म्हणून जुना छापखाना कसा चाले ते थोडक्यात सांगणे जरूर आहे. त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा एक लहान दांडा ओतलेला असतो आणि त्याच्या टोकाला उलटे अक्षर उठावात असते. त्याला खिळा म्हणतात. असे खिळे लाकडी खणांच्या केसमध्ये अक्षरवार ठेवलेले असतात. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, केससमोर उभा राहून डाव्या हातातील स्टिकमध्ये एकेक खिळा लावत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तर तेथेही अक्षर नसलेला बुटका तुकडा बसवावा लागतो. ओळी गॅलीत उतरवून दोऱ्याने बांधतात, हाताने शाई फिरवून कच्चे मुद्रित काढतात, चुका दुरुस्त करतात. मग पाने लोखंडी चौकटीत घट्ट आवळून मशीनवर चढवितात. ट्रेडल मशीन पायाने चालते. एका माणसाने पाय मारायचा, कागद घालायचा आणि काढायचाही. छपाई झाली की खिळे धुऊन, सुटे करून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे.

इंग्रजीला सव्वीस अक्षरांचे लहान-मोठे दोन संच पुरतात. आपल्या बाळबोध लिपीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. लहान छापखान्याजवळ इतका साठा नसतो. दोन-चार पाने जुळविली की खिळे संपतात. ती पाने छापून, खिळे सोडवून मगच पुढची पाने हाती घेता येतात. अशा स्थितीत ठरल्या दिवशी वृत्तपत्राचा अंक बाहेर काढणे म्हणजे काय, याची कल्पना आपणच करावी.

खर्चाचेही तसेच. खिळे झिजतात, ते पुन्हा ओतून घ्यावे लागतात. कागद रोखीने आणावा लागतो. अंक निघो न निघो, जुळाऱ्याची मजुरी चुकत नाही. म्हणूनच लहान छापखाने लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व बिले अशा किरकोळ कामावर जगतात. विचाराचे पत्र काढून छापखान्याची चूल पेटत नाही, उलट त्या पत्रासाठी चुलीतले लाकूड काढून द्यावे लागते.

यात कायद्याचाही भाग होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक झाले. छापखाना ठेवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे तसे जाहीर करावे लागे. (हा कायदा १ मार्च २०२४ पासून रद्द होऊन त्याजागी नवा कायदा आला आहे.) पुढे १९१० च्या आणि १९३१ च्या कायद्यांनी छापखानेवाल्यांकडून जामीन रक्कम मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणजे लिहिणारा एक आणि अडकणारा दुसरा. असा दुसरा माणूस घाबरला तर त्यात नवल नाही. त्यातून लिहिणारा अस्पृश्य असेल आणि लिखाण धर्मावर बोट ठेवणारे असेल, तर मग विचारायलाच नको.

आधीची वाट

महाराष्ट्रात छापील अक्षर आले तेव्हा ते मिशनऱ्यांचे, सरकारचे आणि उच्चवर्णीयांचे होते. तरीही कष्टकरी माणसे या धंद्यात शिरली. जावजी दादाजी हे लहानपणी अमेरिकन मिशनच्या कारखान्यात खिळे घासण्याचे काम करीत. त्यांनीच १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक अक्षरांची कीर्ती देशभर झाली. धातू घासणारा मुलगा अक्षराचा मालक होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले.

आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापून निघाले. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यातून 'दीनबंधु' सुरू केला. हे पत्र आर्थिक ओढाताणीतच चालले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले. गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या अस्पृश्य समाजातील पहिल्या लेखकांना 'दीनबंधु'ने जागा दिली. पुण्याच्याच शिवराम जानबा कांबळे यांनी १ जुलै १९०८ रोजी 'सोमवंशीय मित्र' सुरू केला. अस्पृश्य समाजातील माणसाने संपादित केलेले हे आरंभीचे पत्र होय, आणि ते पुण्याचे आहे याचा आपणास अभिमान असावा.

नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे (१८७९-१९४६) यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. पत्र काढायचे तर छापखानाच आपला हवा, हे ओळखून त्यांनी १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना उभारला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रे त्यांनी चालविली. धर्मांतराच्या प्रश्नावर पुढे त्यांचे बाबासाहेबांशी मतभेद झाले. पण हाती धन नसताना समाजाच्या हाती खिळे देणारा माणूस म्हणून त्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे.

'मूकनायक' ते 'जनता'

दि. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक या नात्याने पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिल्याचे प्रसिद्धच आहे. जाहिरातीसाठी पैसे मोजूनही जागा मिळत नसेल, तर विचारासाठी ती कोण देणार ? बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पैशाच्या व माणसांच्या अभावी 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले.

महाडच्या चवदार तळ्यावरील २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी बाबासाहेब स्वतः संपादक झाले. वकिली, अध्यापन आणि चळवळ सांभाळून एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकट्याने लिहीत. लेखनाचा मोबदला घेणे तर दूरच, पदरची झीज सोसावी लागे. पत्र जगवायचे तर वर्गणीदारांनी आपले ऋण ओळखले पाहिजे, असे त्यांना आपल्या वाचकांना पुनःपुन्हा विनवावे लागले. हे पत्र १५ नोव्हेंबर १९२९ पर्यंत चालले.

त्यानंतर २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले. देवराव विष्णू नाईक त्याचे पहिले संपादक. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र पुढच्याच वर्षी साप्ताहिक झाले आणि १९५६ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, चालले. 'मूकनायक' तीन वर्षांत आणि 'बहिष्कृत भारत' अडीच वर्षांत थांबले. 'जनता' मात्र टिकले. याला कारणे अनेक आहेत. चळवळ वाढली होती, वाचक वाढला होता, लिहिणारे सहकारी तयार झाले होते. पण बँकेत हिशेब पाहणारा माणूस म्हणून मला आणखी एक कारण महत्त्वाचे वाटते. या काळात चळवळीजवळ स्वतःचा छापखाना होता.

भारतभूषण छापखाना

हाच तो भारतभूषण प्रिंटिंग प्रेस. भास्करराव रघुनाथ कद्रेकर हे बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी या छापखान्याचे काम पाहात आणि 'जनता'च्या संपादनाचीही जबाबदारी त्यांनी वाहिली. कद्रेकर, नाईक, गं. नी. सहस्रबुद्धे हे जन्माने अस्पृश्य नव्हते. बाबासाहेबांच्या छापखान्यात आणि पत्रात जातीपेक्षा काम मोठे मानले जाई, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे बाबासाहेबांचे सुपुत्र यशवंतराव ऊर्फ भैयासाहेब आंबेडकर यांनी या छापखान्याची व्यवस्था पाहिली. त्यांचे नाव आपण भारतीय बौद्ध महासभेच्या कार्यासाठी घेतो. पण खिळे, कागद आणि मजुरी यांची रोजची काळजी वाहणारे भैयासाहेबही आपण आठवले पाहिजेत.

या लहान छापखान्याचे मोल कळायचे असेल तर १९३६ चे वर्ष पाहावे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बाबासाहेबांना बोलावले. बाबासाहेबांनी इंग्रजीत भाषण तयार केले. ते लाहोरला छापावे, खर्च कमी येईल, अशी मंडळाची सूचना होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. भाषण मुंबईतच छापले जाईल, असा त्यांनी आग्रह धरला. वरवर पाहता हा दोन-चार रुपयांच्या काटकसरीचा प्रश्न होता. पण तो तेवढाच नव्हता, हे लवकरच दिसून आले.

एप्रिल महिन्यात मंडळाचे प्रतिनिधी हर भगवान मुंबईत येऊन बाबासाहेबांना भेटले. ते लाहोरला परतल्यावर मंडळाकडून पत्र आले. वेदांविषयीचा आणि हिंदू धर्म सोडण्याच्या निर्धाराविषयीचा मजकूर मंडळाला अडचणीचा वाटत होता. तो वगळावा, असे सुचविण्यात आले. त्यावर २७ एप्रिल १९३६ च्या उत्तरात बाबासाहेबांनी आपण मुंबईतच बजावले होते त्याची आठवण करून दिली. भाषणातील एक स्वल्पविरामसुद्धा बदलला जाणार नाही आणि आपल्या शब्दांवर कोणाची छाननी आपण चालू देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परिषद रद्द झाली. भाषण झालेच नाही.

आता विचार करा. तो मजकूर लाहोरच्या छापखान्यात पडला असता तर काय झाले असते ? परिषद रद्द होताच खिळे सोडवून खणात टाकले गेले असते आणि हस्तलिखित परत मिळविण्यासाठी पत्रव्यवहार करीत बसावे लागले असते. पण मजकूर मुंबईत होता. मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. मुद्रक होते कद्रेकर आणि छापखाना भारतभूषण. हेच आज जगभर अभ्यासले जाणारे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', म्हणजेच 'जातिभेद निर्मूलन'. पहिली आवृत्ती पंधराशे प्रतींची होती. ती दोन महिन्यांत संपली. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांत त्याचे अनुवादही झाले होते.

या पुस्तकाची किंमत आठ आणे होती. गांधीजींनी ११ जुलै १९३६ च्या 'हरिजन'मध्ये या पुस्तकाची दखल घेताना किंमत जास्त असल्याचे म्हटले आणि दोन आणे, निदान चार आणे ठेवायला हवी होती, असे सुचविले. 'हरिजन' हे पत्र १९३३ च्या फेब्रुवारीत पुण्यातून सुरू झाले, तेव्हा गांधीजी आपल्या येरवड्याच्याच तुरुंगात होते. गांधीजींची सूचना चांगल्या हेतूने असेलही. वाचकाला पुस्तक स्वस्त मिळावे हे कोणालाही पटेल. पण ज्या छापखान्यामागे देणगीदार उभे नसतात, त्याला आठ आण्यांतूनच कागद, शाई, मजुरी आणि पुढची आवृत्ती काढायची असते. खतावणी लिहिणाऱ्याला हे लगेच कळते. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे आक्षेप छापले आणि त्यांना दिलेले उत्तरही छापले. विरोधकाचे म्हणणे आपल्या पुस्तकात आपल्या खर्चाने छापणे, हे स्वतःच्या छापखान्याचे दुसरे सामर्थ्य. आपल्याला कोणी गाळू नये, एवढेच बाबासाहेबांचे मागणे नव्हते. आपणही दुसऱ्याला गाळू नये, ही शिस्त त्यांनी पाळली.

त्याच वर्षी, ३१ मे १९३६ रोजी, मुंबई इलाखा महार परिषदेत धर्मांतराविषयी बाबासाहेबांचे मराठी भाषण झाले. 'मुक्ती कोन पथे ?' या नावाने ते आपण ओळखतो. 'जनता'तून ते गावोगाव पोहोचले. एका वाचनालयात किंवा चावडीजवळच्या झाडाखाली एकाने वाचायचे आणि वीस जणांनी ऐकायचे, अशा रीतीने एका प्रतीचे वीस वाचक होत. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला जो जनसमुदाय लोटला, त्याच्या मनाची मशागत अशा छापील पानांनी केलेली होती.

'बुद्धभूषण'

दि. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' झाले. छापखान्याचेही भारतभूषण हे नाव जाऊन बुद्धभूषण हे नाव आले. दादर पूर्वेच्या गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवनाच्या आवारात तो छापखाना होता.

छपाईचा प्रश्न बाबासाहेबांना अखेरपर्यंत सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. 'दि बुद्ध ॲण्ड हिज धम्म' हा ग्रंथ तयार झाला तेव्हा त्याच्या छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून भारत सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. बुद्ध जयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. देशाचे कायदेमंत्री राहिलेल्या, राज्यघटनेचा मसुदा घडविणाऱ्या माणसालाही पुस्तक छापण्यासाठी पाचशे प्रतींची विनवणी करावी लागली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. छापलेला ग्रंथ त्यांना पाहता आला नाही.

'प्रबुद्ध भारत' १९६१ मध्ये थांबले आणि २०१७ मध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले. दरम्यान खिळ्यांच्या छपाईचा काळच सरला. ऑफसेट आले, संगणक आले. आमच्या लहानपणीचे ते ट्रेडल भंगारात गेले. आणि २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन व बुद्धभूषण छापखान्याची वास्तू पाडण्यात आली. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, हा या लेखाचा विषय नाही. पुढच्या महिन्यात हजारो माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्यांपैकी बहुतेकांनी खिळा कधी हातात धरला नसेल. पण त्या जागेत आपला शब्द कोणाच्या परवानगीशिवाय छापला जात होता, हे त्यांना ठाऊक होते.

आपण काय घ्यावे ?

बँकेत आकड्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून आम्ही तो दोनदा तपासतो. बाबासाहेबांनी तर एका स्वल्पविरामासाठी मानाचे अध्यक्षपद सोडले. त्यांना ते सोडता आले, कारण शब्द जसाच्या तसा छापण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. नुसता बाणा असून भागत नाही. बाण्यामागे खिळे, कागद, हिशेब आणि राबणारी माणसे असावी लागतात. या छापखान्याच्या इतिहासाचे सार मला एवढेच दिसते.

आज छापणे स्वस्त झाले आहे. मोबाईलवर कोणीही काहीही लिहून क्षणात हजारोंना पाठवितो. पण ते जतन होत नाही. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक कोणीतरी सांभाळले, म्हणून महाराष्ट्र शासनाला १९९० मध्ये ते ग्रंथरूपाने काढता आले. आपल्या वस्तीचे काय ? १९९१ चे आमचे ते हस्तपत्रक आज माझ्याजवळ नाही. ज्या ओळीसाठी वडील तीन छापखाने फिरले, ती ओळ छापील स्वरूपात मी दाखवू शकत नाही, याची मला खंत वाटते.

म्हणून संस्थेला माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घरातील जुनी पत्रके, जयंतीच्या पावत्या, लग्नपत्रिका, स्मरणिका विहारात आणून द्याव्यात. संस्थेने त्यांची नोंदवही ठेवावी. दुसरी, आपण छापू त्या प्रत्येक कागदावर तारीख, मुद्रक आणि प्रतींची संख्या अवश्य घालावी. तिसरी, आपल्या मुलांपैकी दोघा-तिघांना तरी मुद्रित तपासणे, पान मांडणे आणि संपादन करणे शिकवावे. स्मरणिका आपली आणि शुद्धलेखन दुसऱ्याचे, असे होऊ नये.

त्या १९९१ च्या संध्याकाळी तिसऱ्या छापखान्यातील जुळाऱ्याने माझ्या तळहातावर माझ्या नावाचे खिळे लावून दाखविले होते. मला ते वाचताच आले नाही. अक्षरे उलटी होती. ते म्हणाले, "बाळ, इथे उलटं लावावं लागतं, तेव्हा बाहेर सुलटं दिसतं." वडील हसले. मला त्याचा अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला.

अभ्यासासाठी प्रश्न

१. खिळ्यांच्या छापखान्यात मराठी मजकूर जुळविणे इंग्रजीपेक्षा अवघड का होते ?
२. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' व 'प्रबुद्ध भारत' यांच्या आरंभाच्या तारखा लिहा आणि प्रत्येक पत्र किती काळ चालले ते सांगा.
३. लाहोरला स्वस्तात छपाई होत असताना बाबासाहेबांनी मुंबईचा आग्रह का धरला असावा ? आपले मत द्या.
४. आपल्या घरातील सर्वांत जुना छापील कागद शोधा. तो कोणी व कोठे छापला ते पाहून विहाराच्या नोंदवहीत लिहा.

भवतु सब्ब मंगलं ! जय भीम !